खदानीतल्या पाण्याची सरासरी

लॉगॅरिदमचं प्रकरण तुम्ही काढलंत. पर्यावरण तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमातून, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, शिकवणाऱ्या एकाही माणसाला न विचारता. कारण दिलंत, 'ग्रामीण विद्यार्थ्यांना जड जाते.' तुम्ही म्हणजे कोण, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पत्रकाखाली सही होती, ती वाचता येत नव्हती. शिक्का होता, तो ओला असतानाच कुणाच्या तरी बाहीला पुसला गेला होता. पण ज्यानं ते प्रकरण काढलं त्याला ते नीट येत होतं, एवढं मी छातीठोक सांगते. ज्याला येत नाही तो इतकं नेमकं काढू शकत नाही.

गौरकार सरांनी ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. सर म्हणजे आमच्या प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. थंडीतही घामेजलेला असायचा.

"बरं झालं ना मॅडम, तुमचा भार हलका झाला," ते म्हणाले.

"सर, हे काढलं तर सामू कसा शिकवू?"

"सामू म्हणजे मशीनवरचा आकडा. मशीन पाण्यात बुडवायची, आकडा वाचायचा, लिहून घ्यायचा. बेरीज-भागाकार येते ना पोराइले? झालं मग."

सामू म्हणजे पाणी किती आंबट आहे त्याचं माप. सात म्हणजे साधं पाणी. सातच्या खाली आंबट, वर चुन्याच्या निवळीसारखं. पण हे माप फूटपट्टीसारखं चालत नाही. सहाचं पाणी सातच्या पाण्यापेक्षा दहापट आंबट, पाचचं शंभरपट, चारचं हजारपट. एक पायरी उतरलात की दहापट. हे ज्या प्रकरणातून कळतं ते काढून टाकलं की तीन हा आकडा सहाच्या निम्मा दिसतो, बस्स. बिचारा, निरुपद्रवी.

आमचं केंद्र कोळशाच्या पट्ट्यात होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर लावलेली आणि धुळीनं काळी झालेली बोगनवेल. आजूबाजूच्या गावांतली बारावी झालेली पोरं-पोरी तिथं हवा, पाणी, आवाज मोजायला शिकायची. खाणवाले पैसे देत, खाणवाल्यांच्याच धुराचं माप घ्यायला आम्ही शिकवत होतो, आणि याचं कुणालाही हसू येत नव्हतं. मी कंत्राटी. दहावीपुढचं गणित मी उसनी पुस्तकं आणून, चुलीपुढे बसून शिकलेले, त्यामुळे मला कुणी फार विचारत नसे आणि मीही कुणाला विचारत नसे.

त्या कार्तिकात वर्गाला एक काम आलं. सावरबोडी नावाचं एक ढिवरांचं टोलं, म्हणजे मासेमारांची छोटी वस्ती, आमच्या केंद्रापासून जवळ होतं. टोल्याला लागून त्यांचा तलाव, त्यांच्या बोलीत बोडी. गाळाचा, शिंगाड्याचा, कमळांचा, बेडकांच्या आवाजानं कान किटतील असा. टोल्याची सगळी घरं त्यातल्या मासोळीवर. त्या तलावाखाली कोळसा निघाला होता. तलाव बुजणार होता. बदल्यात त्यांना द्यायचं ठरलं होतं जुनी खदान, वीस-बावीस वर्षांपूर्वी कोळसा काढून सोडून दिलेली आणि आता काठोकाठ पाण्यानं भरलेली. अट एकच, पाणी मासोळीला योग्य हवं. म्हणजे सामूची सरासरी साडेसहा ते साडेआठच्या मधे. आणि तपासणी करायची ती आमच्या पोरांनी. स्थानिक युवकांनी स्वतःच्या हातानं केलेली तपासणी म्हटलं की पुढं कोण बोलणार.

वर्गात सावरबोडीची एकच मुलगी होती. निरंजना पचारे, सगळे निरू म्हणायचे. तिचे वडील डोमाजी हे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. तलाव जाणार की राहणार, ते ती काढेल त्या आकड्यावर होतं.

नमुने घ्यायला आम्ही गेलो ते भर दुपारी. डोमाजींनी ट्रॅक्टरवर घालून आपला डोंगा आणला होता. खदानीच्या काठाशी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा वाटलं, किती सुंदर आहे हे. निळं नाही, हिरवं नाही, काचेच्या कडेला दिसतो तसा रंग. काठावर शेवाळाचा ठिपका नाही. पाण्याला वास नाही. दगड धुवून मांडल्यासारखे.

"काय बे, फोटो काढ माझा," प्रफुल कोडापे दुसऱ्या पोराला म्हणत होता. हा वर्गातला बोलका. "घरी सांगतो, स्वित्झर्लंडला गेलतो."

"तोंड पाह्य आधी आपलं, स्वित्झर्लंडवाले परत पाठवतीन," निरू म्हणाली.

गौरकार सर काठावर छत्री धरून उभे राहिले. डोंग्यात डोमाजी, निरू आणि मी. डोमाजी वल्हं मारत होते आणि त्यांचा चेहरा लग्नाला निघाल्यासारखा होता.

"पाह्या बाई, किती निर्मळ पानी," ते मला म्हणाले. "आमच्या बोडीत हात टाकला त बोटं दिसत नाही. गाळ, बेंडकं, सारी गिचगिच. इथं पैसा टाकला तळाले त छाप का काटा सांगता येईन."

मी वाकून पाहिलं. आणि मग बराच वेळ मला मान वर करता आली नाही.

खाली रस्ता होता. खदानीत डंपर उतरायचे तो रस्ता, काठापासून सुरू होऊन वळण घेत घेत खोल जाणारा. कडेला पांढरे रंगवलेले दगड एका ओळीत, तसेच. वळणावर एक बाभूळ उभी. पानं गेलेली, पण बारीकातली बारीक काटकी शाबूत, काटेसुद्धा. आणि बाभळीजवळ एक पाटी, पिवळी, तिच्यावरची अक्षरं डोंग्यातून वाचता येत होती. 'सावकाश जा. घरी कुणीतरी वाट पाहत आहे.' ऊन सरळ खाली जात होतं. आमच्या डोंग्याची सावली त्या रस्त्यावर पडली होती आणि डोमाजी वल्हं मारतील तशी ती रस्त्यावरून खाली खाली चालली होती. एखादी गाडी उतरत जावी तशी.

"मॅडम," निरू हळूच म्हणाली, "ऐकून रायले का?"

"काय?"

"तेच ना. काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. पक्षी नाही, चतुर नाही, डास नाही, पाण्यावर धावणारे ते लांब पायांचे किडेही नाहीत. वल्ह्याचा आवाज तेवढा, तोही कुणीतरी मागून वल्हं मारतंय असा काठांवरून परत यायचा. मी दोनदा मागं वळून पाहिलं.

वरच्या पाण्याच्या चार बाटल्या निरूनं भरल्या. मशीनवर चारही आकडे आठाच्या पुढं. ते साहजिक होतं. आठवडाभर आधी खाणवाल्यांनी पाण्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर चुना पसरला होता, आणि वरचा थर पावसाच्या ताज्या पाण्याचा होता. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे दोन बाटल्या तळाच्या घ्यायच्या होत्या. दोरीला झाकणाची बाटली, आणि ती बुडावी म्हणून डोमाजींनी घरचा पितळी गडू बांधला होता. जुना, काळवंडलेला. दोरी सुटत गेली, सुटत गेली. डोमाजींनी बोटांवरून दोरीचं माप घेणं मधेच सोडून दिलं.

बाटली वर आली तेव्हा गडू लखलखत होता. चिंचेनं घासून ठेवावा तसा. एवढ्याशा वेळात.

डोमाजींनी तो हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि कपाळाला लावला. "देवाचं पानी आहे हे," ते म्हणाले. "पितळ उजळून देते."

निरूनं बाटलीत मशीन बुडवली. आकडा थोडा वेळ नाचला आणि थांबला. तीन आणि वर थोडं. ती माझ्याकडं पाहत राहिली. तिला भागाकार येत होता, दशांश येत होते, टक्केवारी येत होती. तीन म्हणजे किती, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात प्रफुलनं सरासरी काढून टाकली होती. चार वरचे, दोन खालचे, बेरीज, भागिले सहा. साडेसहाच्या थोडी वर. "पास," तो म्हणाला. "काठावर, पण पास. माझ्यासारखी."

"तळाचं तीन आहे," मी म्हटलं.

"निंबूपानी त तीनच्या खालीच असते मॅडम. पुस्तकात आहे. आपण पितो ना?"

"लिंबूपाणी तू पितोस. त्यात राहत नाहीस."

पोरं हसली. निरू हसली नाही.

मी त्यांना बाहेर काढलं. पत्रक टेबलावर पडलेलं होतं, त्याच्यावर मी डस्टर ठेवला. केंद्राच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची एक टाकी होती. एक रिकामा ड्रम आणायला सांगितला. बादल्या आणल्या, मग आणला. तळाच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या जास्तीच्या भरून आणल्या होत्या, त्यातलं एक मग पाणी ड्रममधे ओतलं.

"हे तीनचं आहे. चार करून दाखवा."

एकानं एक मग पावसाचं पाणी टाकलं. मशीन बुडवली. तीन आणि थोडं. आणखी एक. तीन आणि जरा. प्रफुल म्हणाला मशीन बिघडली. नवव्या मगाला चारचा आकडा आला.

"आता पाच."

पुन्हा मगानं टाकायला लागले, मग कंटाळून बादलीनं. ड्रम भरत आला. शंभर मगांच्या आसपास कुठंतरी पाच दिसलं. पोरांचे शर्ट भिजले होते. कुणी विनोद करेना.

"आता सहा."

"ड्रम भरला मॅडम," निरू म्हणाली.

"दुसरा आण. असे दहा ड्रम लागतील. टाकी संपेल. आणि सात करायला शंभर ड्रम. ओतलेल्या एका मगासाठी."

ड्रमच्या भोवती सगळे उभे होते. पाणी स्वच्छ होतं, त्यात त्यांची तोंडं दिसत होती. मी फळा वापरला नाही. तिथंच मातीत काडीनं एकावर एक शून्य, दोन शून्यं, तीन शून्यं काढत गेले आणि शेजारी एक, दोन, तीन. शून्यं मोजायची, एवढंच ते जड जाणारं प्रकरण. "आता सांगा," मी म्हटलं, "आठचं पाणी आणि तीनचं पाणी, यांच्यात शून्यं किती?"

"पाच," निरू म्हणाली.

"म्हणजे?"

"लाखपट." तिनं मातीतल्या शून्यांवर बोट ठेवलं. "मॅडम, मग बेरीज कशी काय केली आमी? एक अन् लाख एकाच रकान्यात मांडून सहानं भागलं."

प्रफुल म्हणाला, "म्हंजे एका खोलीत पाच पोरं नि एक साप ठेवला, त सरासरी काढायची, थोडासाच चावते म्हणून."

"थोडासाच," मी म्हटलं.

"अन् खदानीत असे मग किती आहेत मॅडम?" कुणीतरी मागून विचारलं.

संध्याकाळच्या आत सर्वांना कळलं. गौरकार सरांनी मला, निरूला आणि डोमाजींना खोलीत बोलावलं. टेबलावर तपासणीचा कागद. सहा आकडे, खाली सरासरीची चौकट, त्याखाली सहीची जागा. तपासणी करणाऱ्याची सही, स्थानिक.

निरूनं सरासरीच्या चौकटीत आडवी रेघ मारली.

"हे काय?" सर म्हणाले.

"काढता येत नाही सर. वरचं वेगळं लिहा, तळाचं वेगळं लिहा."

"फॉर्मॅटमधे चौकट आहे पोरी. ती कोरी ठेवता येत नाही."

"मग चौकट काढून टाका. प्रकरण काढलं ना, तसं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर, सध्या वर हलकं पाणी आहे, खाली जड. म्हणून ते वेगळं राहिलंय. थंडी पडली की वरचं गार होऊन खाली बसेल आणि खालचं वर येईल. हे पाणी पालटेल."

"पालटेल म्हणजे? पाणी काय कूस बदलते का?"

"हो."

सर हसले नाहीत. रुमालानं मान पुसली. "मॅडम, मी वरती काय सांगू? तुमच्या ड्रमाचं सांगू? मलाही पोट आहे."

डोमाजी इतका वेळ उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नव्हते. ते निरूला म्हणाले, "काऊन अशी करतं माय? सारी सोसायटी हो म्हणाली. मोटारबोट देऊन रायले, जाळ्याचे पिंजरे देऊन रायले. आमच्या पिढ्या चिखलात गेल्या. आता कुठं चांगलं पानी भेटून रायलं."

"बाबा, ते पानी चांगलं नाही."

"तू पायलं नाही का? तळ दिसते."

"तळ दिसते कारण त्यात काही जगत नाही, बाबा. आपल्या बोडीत तळ दिसत नाही कारण मधे सारं जगत असते."

क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग ते म्हणाले, "शिकाले पाठवलं होतं तुले. भेव शिकून आली." त्यांनी सरांसमोरचा पेन उचलला. "मी सोसायटीचा अध्यक्ष. स्थानिक मीच हाओ ना? मी करतो."

सरांनी घाईनं चौकटीतल्या रेघेवर आकडा लिहिला. साडेसहाच्या थोडा वर. डोमाजींनी सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सुटं. सही त्यांना निरूनंच शिकवली होती, आदल्या उन्हाळ्यात, घराच्या ओट्यावर कोळशानं गिरवून. ती त्यांच्या हाताकडं पाहत होती. चूक तर होत नाही ना, असं पाहत होती.

पंधरा दिवसांत सावरबोडीत डंपर लागले. मासोळी ड्रममधे भरभरून खदानीत नेली. रोहू, कतला, मरळ, शिंगी, सगळी. नारळ फुटला. बोडीत माती पडत होती तेव्हा बेडूक रस्त्यावर आले होते, इतके, की ट्रॅक्टरवाल्यानं चाकं थांबवली. मग चालवली. तो काय करणार.

अघन, म्हणजे मार्गशीर्ष, नीट गेला. पिंजऱ्यांतली मासोळी वरच्या पाण्यात फिरत होती, कोंडा खात होती. डोमाजी वाटेत भेटले की मुद्दाम थांबून सांगायचे, "बाई, बोटभर वाढली." मी हो म्हणायचे. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझंच चुकलं असेल. उसन्या पुस्तकातलं उसनं ज्ञान. निरू मात्र रोज सकाळी केंद्रात आली की पहिल्यांदा भिंतीवरचा तापमापक पाहायची. ती तो कुणासाठी पाहते हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि प्रफुलसुद्धा त्यावर काही बोलत नसे.

पौषात तीन-चार दिवस कडाक्याची थंडी पडली. त्या सकाळी निरू केंद्रात आलीच नाही. दहाच्या सुमाराला प्रफुल सायकलवर आला, दम लागलेला, आणि म्हणाला, "मॅडम, पालटलं."

आम्ही गेलो. उन्हं चांगली वर आली होती. पाणी लाल होतं. तिथली काच गेली होती, चहासारखं गढूळ, आणि पृष्ठभागावर मासोळी, पोट वर करून, काठापासून काठापर्यंत. पिंजऱ्यांत तर एकावर एक. डोळे पांढरे झालेले, उकडलेल्यासारखे. सारं टोलं काठावर उभं होतं आणि रडत कुणी नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? कावळे आले नव्हते. एवढी मासोळी उघड्यावर पडलेली आणि आकाशात घार नाही, काठावर कुत्रं नाही. एक कुत्रं टोल्यातून माणसांमागं आलं होतं, ते लांब चढावर बसून होतं, खाली उतरत नव्हतं.

निरू पाण्याशी उकिडवी बसली होती. हातात मशीन. आकडा तिनं मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

आठवड्यानं ती लोखंडी गंजाची लाली खाली बसली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. पहिल्यापेक्षाही स्वच्छ. मासोळी बुडाली होती. ती आता तळाला दिसत होती, त्या रस्त्यावर, पांढऱ्या रंगवलेल्या दगडांच्या मधे, वळणावळणानं खाली गेलेली. पांढरी. सडत नव्हती. पंधरवडा गेला, महिना गेला, तशीच. सडवायलाही काहीतरी जिवंत लागतं.

आणि डोमाजी रोज सकाळी डोंगा काढायचे. टोपलीत कोंडा घेऊन मधोमध जायचे आणि मुठीमुठीनं पाण्यावर टाकायचे. निरूनं एकदा टोपली धरून ठेवली तर तिला म्हणाले, "सोड माय. ते वाट पाह्यत रायतेत." कोंडा हळूहळू खाली जायचा. इतकं स्वच्छ पाणी, की तळाला टेकेपर्यंत दिसायचा. मासोळीच्या अंगावर तो पातळ थर धरून बसला होता.

तुम्ही चौकशी केलीत. कागद नियमानुसार होता. सरासरी नियमानुसार होती. सही स्थानिक होती. मासोळी 'अचानक हवामान बदलामुळे' मेली असं लिहून आलं आणि माझं कंत्राट मार्चमधे संपलं ते संपलंच. निरूनं परीक्षा दिली, पहिली आली, आणि निघून गेली. आता एका मोठ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. फोन करते. टोल्याला येत नाही. मागं एकदा म्हणाली, "मॅडम, इथं रिपोर्टात सरासरीचा रकाना आला की माझा हात थंड पडते."

हे सगळं मी गाडून टाकलं असतं. बोडी गाडलीत तसं. पण गेल्या महिन्यात त्या रस्त्यानं जाणं झालं आणि खदानीला कमान लागलेली पाहिली. निसर्ग उद्यान. काठावर गवत आणून लावलंय, सिमेंटचे मशरूम केलेत, आणि पाण्यात पायडल मारायच्या होड्या, हंसाच्या आकाराच्या. फलकावर लिहिलंय, 'पाण्याची गुणवत्ता: योग्य.' पलीकडच्या तालुक्यातून शाळेच्या सहली येतात. मी उभी होते तेवढ्यात एक बस आली. पोरं हंसांत बसली, हात पाण्यात घालून एकमेकांवर उडवायला लागली. एक पोरगी वाकून तळाकडं पाहत होती आणि काहीतरी मोठ्यानं वाचत होती.

लाइफ जॅकेट बांधायला डोमाजी आहेत. खाणवाल्यांनी दिलेलं काम. केस पिकलेत, बोटांची कातडी गेलेली आहे. मला ओळखलं. "बाई," म्हणाले, आणि एका पोराचा पट्टा घट्ट करत राहिले, दोनदा, तीनदा, पोरगं ओरडेपर्यंत. पाण्याकडं त्यांची पाठ होती. मी तिथं होते तोवर ते एकदाही वळले नाहीत.

मी फलकावरच्या नंबरवर फोन केला. फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या, सामूची सरासरी मर्यादेत आहे. कुठून घेतली विचारलं तर त्यांनी फोन दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. म्हणून इथं लिहिते आहे, सगळ्यांच्या समोर. थंडी तोंडावर आली आहे. शनिवारी पुन्हा सहल आहे, कमानीवर शाळेचं नाव लागलंय. मला सरासरी नको. तळाला शेवटची बाटली कुणी सोडली, कधी सोडली आणि वर आली तेव्हा तिच्यात किती होतं? आकडा सांगा. शनिवारच्या आत सांगा.